हौशी लोकांचं स्टँड

कालव्याच्या कडेनं चालून चालून वहिनीचे पाय बोलायला लागले, तरी नणंदेची टकळी थांबेना.

"वन्सं, रविवारची सुट्टी अशी पायपिटीत घालवतात का गं?"

"उद्या इथल्या सायकली उचलून नेणार आहेत. माझ्याच अहवालावरून. जायच्या आत स्टँड एकदा डोळ्यांनी बघू तरी."

घरात तिला सगळे आकडेबाई म्हणत. भाड्याच्या सायकलींच्या कंपनीत, कोण सायकल कशी वापरतं हे ती संगणकात बघून सांगे. वर्षाचा पास काढणारे ते नेहमीचे, एका फेरीचं तिकीट काढणारे ते हौशी. घरच्या पाहुण्यांचीही ती तशीच वाटणी करी. "आत्या हौशी, काका नेहमीचे. चहा त्या बेतानं टाक!"

दवाखान्यामागच्या या स्टँडवर निव्वळ हौशी. सायकल इथून सुटायची, दोन-तीन तासांनी इथंच परतायची. कामाचा माणूस असा गोल फिरत नाही. "नुसती चैन," म्हणून तिनं स्टँड बंद करायला सुचवलं होतं.

स्टँडवर एक बाई धापा टाकत सायकल लावत होती. हँडलला डबा.

"फिरून आलात?" वहिनीनं सहज विचारलं.

"कसलं फिरणं! घरी जाऊन आंघोळ उरकली, चार घास रांधले, डबा घेऊन आले. आमचे हे आत आहेत ना. रोजचंच झालंय."

"रोज?" आकडेबाईचा आवाज चिरकला. "मग पास का नाही काढत?"

"वर्षाचा? म्हणजे हे वर्षभर इथंच पडून राहणार, असं मीच कबूल करायचं? नको गं बाई. उद्या सोडतील, म्हणून एकेकच फेरी काढते. इथं सगळे तसंच करतात."

डबा सावरत ती दवाखान्याच्या जिन्याकडे पळाली.

आकडेबाई कठड्यावर मटकन बसली. "तिकीट नवं की माणूस नवा, असं धरलं मी. हीच बाई मी कितीदा नवी म्हणून मोजली असेल, वहिनी! आणि वर चैन म्हटलं!"

आतल्या त्या माणसासाठी वहिनीनं मनातल्या मनात हात जोडले. मग म्हणाली, "सायकली अजून इथंच आहेत ना? सकाळी जा आणि सांग साहेबांना."

"आकडे सांगता येतात गं मला. हे सांगायला गेले तर रडूच फुटेल." तिनं वहिनीचा हात घट्ट धरला. "सायकली न्यायची गाडी निघायच्या आत तू येशील माझ्याबरोबर? ती बाई बोलली ना, ते तसंच्या तसं तू सांग."