साहेबाचा बडग्या

मला राग धरता येतो. कोणाला गाता येतं, कोणाला पोहता येतं, मला राग धरता येतो. घरचे म्हणतात, आता सोडा, तो साहेब मरूनही किती वर्षं झाली. मेला असेल. मी त्याला मरायला सांगितलं नव्हतं. गेटवर उभं राहून चार शब्द बोलायला सांगितलं होतं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. नागपूरच्या बाहेर एक मोठा सरकारी कॅम्पस होता, संशोधनाचा. आत प्रयोगशाळा, लायब्ररी, होस्टेल, गेस्ट हाऊस, बगिचे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं जायला लागावं एवढे रस्ते. तिथली झाडझूड एका माणसाकडे नव्हती. तुकडे करून आमच्यासारख्या लहान ठेकेदारांना देत. होस्टेल एकाकडे, रस्ते दुसऱ्याकडे, आणि मेन बिल्डिंग माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण मेन बिल्डिंग माझी होती.

आमची भावकी शेतकऱ्यांची. त्यांना माझा धंदा पटला नाही. एका लग्नात पंगतीला बसलो तर चुलतभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याच्या बाजूले बसान तं फिनाइलनं हात धुवा गा!"

मी म्हटलं, "धू ना. एकदा तरी तुये हात साफ होतीन."

पंगत हसली. तो त्या दिवशी दुसऱ्यांदा बुंदी घ्यायला थांबला नाही.

माझ्याकडे कामाला बाया होत्या, आमच्याच वस्तीतल्या. त्यांच्यावर एक मुकादमीण होती, विधवा, आवाज असा की वरच्या मजल्यावरून बोलली तर खाली माळी मान वर करायचा. मला भाऊ म्हणायची, पण ऐकायची स्वतःचंच. मेन बिल्डिंगमध्ये आमचा एक नियम होता आणि तो मी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. जमिनीवरचं आपलं, टेबलावरचं साहेब लोकांचं. टेबलाला हात लावायचा नाही. जमिनीवर पेन्सिल पडली असेल तर तिच्या भोवतीनं झाडायचं, भोवतीनं पोछा मारायचा, आणि पेन्सिल होती तिथंच ठेवायची. सकाळी साहेब लोक आले की फरशी ओली आणि मधोमध एक कोरडा ठिपका, त्यात पेन्सिल. हसायचे ते. पण त्या बिल्डिंगमधून कधी काही गेलं नाही.

मग नवीन केअरटेकर साहेब आला. शहरातल्या महाल भागात राहणारा, सफारी सूट, खिशात घडी केलेला पांढरा रुमाल. तो रुमाल खिडकीच्या कडेवरून फिरवायचा आणि आमच्यासमोर धरायचा. काळा झाला तर बोलायचा. नाही झाला तर दुसरी खिडकी शोधायचा. मला कळेना या माणसाला धुळीची एवढी गरज काहून आहे. नंतर कळलं. त्याच्या बायकोच्या भावाचं सीताबर्डीला दुकान होतं, साबण, फिनाइल, फरशीचं मेण यांचं. त्याला सगळ्या कॅम्पसचा एकच ठेका पाहिजे होता. आम्ही लहान लोक मधे येत होतो.

अशातच एका प्रयोगशाळेतली प्लॅटिनमची वाटी सापडेना. चिमणीला पाणी ठेवावं एवढी वाटी, पण सोन्यापेक्षा महाग.

साहेबानं विचारपूस केली नाही. कामावरून सुटायच्या वेळी गेट बंद केलं, बायांना रांगेत उभं केलं आणि चौकीदाराच्या बायकोला झडती घ्यायला लावली. ऑफिस सुटत होतं. बाबू लोक सायकली धरून पाहत उभे राहिले. चौकीच्या आडोशाला एकेकीला नेऊन लुगड्याचे ओचे सोडायला लावले. मुकादमिणीच्या हातात भाकर बांधलेलं फडकं होतं. दुपारची उरलेली, घरी पोरीसाठी चाललेली. साहेब म्हणाला, "हे पण सोड."

"भाकर हाय साहेब."

"सोड म्हटलं ना!"

तिनं सोडलं नाही. मग चौकीदारानं सोडलं. भाकर मातीत पडली, चटणी पसरली. साहेब मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून म्हणाला, "या जातीच्या बायकांवर भरवसा ठेवला, हीच आमची चूक. चोर आहेत सगळ्या."

मी तिथं होतो. मी पुढं झालो तर दोन चौकीदारांनी मला धरलं. मुकादमिणीनं भाकर उचलली नाही. तशीच निघाली. मागून बाकीच्या निघाल्या.

आठवड्याच्या आत वाटी सापडली. ज्या संशोधकाची होती त्याच्याच कपाटात, कापसाच्या डब्याखाली. त्यानंच मला कँटीनसमोर सांगितलं, हसत हसत, जणू चष्मा कपाळावर होता आणि घरभर शोधला. केअरटेकर साहेबालाही सांगून झालं होतं. पण तोवर आमचे ठेके रद्द झाले होते आणि सीताबर्डीचा मेहुणा गाडीभर मेण घेऊन आत शिरला होता.

ठेका गेला त्याचं मला दुःख झालं नाही असं नाही. पण कोराडीला पॉवर हाऊस नुकतंच सुरू झालं होतं, तिथल्या वसाहतीत मला काम भेटलं, बायांनाही भेटलं. राखेत झाडायचं म्हणजे झाडून मागं पाहावं तो पुन्हा राख. तरी पोट चाललं. राग तेवढ्यावरचा असता तर कदाचित मीही विसरलो असतो.

एक दिवस मुकादमीण माझ्या दारात येऊन बसली. चहा घेईना. माझी बायको म्हणाली, "काय झालं वं?"

"पोरीची सोयरीक मोडली."

मुलगा चांगला होता, मोटार स्टँडवर कामाला. बोलणं पक्कं झालं होतं. मुलाच्या बापाला कोणीतरी सांगितलं की पोरीची माय गेटवर पकडली होती. त्यानं निरोप पाठवला, चोराच्या घरची पोरगी नको.

"मी त्याले जाऊन सांगतो ना, वाटी सापडली म्हणून," मी म्हटलं.

"तुमी सांगून काय होते भाऊ? तुमी तं आमचेच. ज्यानं म्हटलं त्यानंच म्हणाले पाहिजे."

मी दुसऱ्या दिवशी साहेबाच्या ऑफिसात गेलो. बसायला सांगितलं नाही, मी बसलो. म्हटलं, साहेब, मला ठेका नको. सकाळी लोक येतात त्या वेळेला गेटवर उभं राहा आणि एवढंच म्हणा, या बाया चोर नाहीत, चूक आमची झाली. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

तो खुर्चीत मागं रेलला. "मी? झाडूवालीची माफी मागू? गेटवर?" मग चपराशाला म्हणाला, "याला बाहेर ने, आणि खुर्ची पुसून घे."

खुर्ची पुसून घे. ठीक आहे म्हटलं.

पोळा जवळ आला होता. नागपूरच्या बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे मोठी बाहुली, गावाची इडापिडा घेऊन जाणारी. तिच्यासंगं बडगे निघतात, म्हणजे पुरुषाचे पुतळे. महागाईचा बडग्या, काळाबाजारवाल्याचा बडग्या, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा बडग्या. महालाच्या गल्ल्यांतून फिरवतात, ओरडतात, शिव्या देतात आणि शेवटी जाळून टाकतात. त्याची कोणाला परवानगी लागत नाही. कोणी रागवतही नाही, कारण रागावला तर कबूल केल्यासारखं होते.

साहेबाचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावरच होतं. दरवर्षी गॅलरीत खुर्च्या टाकून पाहुण्यांना मिरवणूक दाखवायचा. हे मला चपराशानंच सांगितलं, तोच, ज्यानं खुर्ची पुसली.

वस्तीतल्या माणसांनी बांबूचा सांगाडा केला. कागद चिकटवले, वरून जुना सफारी चढवला, तो मी बाजारातून घेतला होता. पोट पुढं काढलं. एका हातात चादरीएवढा पांढरा रुमाल, मधोमध काळा डाग. गळ्यात पितळेची वाटी. मी म्हटलं, आता झाडूंची माळ घाला.

मुकादमीण उठली. "झाडू नाही."

"काहून?"

"लक्ष्मी हाय थे. त्याच्या गळ्यात घालाची? आन् वरून जाळाची? डोस्कं फिरलं का तुमचं?"

"अवं, शोभा दिसन."

"तुमच्या शोभेसाठी मी माया हातची लक्ष्मी नाही जाळत. पोछे घाला. फाटके पोछे लय हायत."

बायांनी झाडू उचलून घरी नेले. आम्ही पोछ्यांची माळ घातली. खरं सांगतो, पोछेच जास्त शोभले. त्यांचा वास पण होता.

मिरवणुकीत गर्दी अशी की पाय आपले राहत नाहीत. आम्ही बडग्याला खांद्यावर घेऊन साहेबाच्या गॅलरीखाली आलो आणि थांबलो. ढोल वाजवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. वर साहेब, बायको, पाहुणे. सीताबर्डीचा मेहुणाही होता, हातात पोह्यांची बशी.

मुकादमिणीनं गर्दीतून आवाज काढला, "बायांचे ओचे सोडणाऱ्याले..."

बाया ओरडल्या, "घेऊन जा गे मारबत!"

"गरिबाची भाकर मातीत टाकणाऱ्याले..."

आता सगळी गल्ली ओरडली. कोणाला काही माहीत नव्हतं, पण भाकर मातीत टाकली म्हटल्यावर नागपूरचा माणूस ओरडतोच. बडग्याच्या हातातला रुमाल आम्ही काठीनं वर केला आणि गॅलरीच्या कठड्यावरून फिरवला. बाजूच्या घरात त्याच्याच ऑफिसचा एक बाबू पाहुणा होता. तो एवढा हसला की खाली बसला. साहेबाची बायको नवऱ्याकडे पाहायला लागली. साहेब आत गेला. मेहुणा बशी घेऊन तिथंच उभा, काय करावं सुचेना त्याला.

त्यानंतर कॅम्पसमध्ये साहेबाला चालणं कठीण झालं. तो व्हरांड्यातून गेला की कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, घेऊन जा गे. मागं वळला तर सगळे फायलीत मान घालून. वर मेहुण्यानं मेन बिल्डिंगच्या फरशीला एवढं मेण चोपडलं की एक मोठे पाहुणे घसरले ते सरळ बसूनच डायरेक्टरच्या खोलीपर्यंत गेले. हे ऐकून मी त्या दिवशी पेढे आणले. बायकोनं विचारलं कशाचे. म्हटलं, खा.

शेवटी साहेब स्कूटर घेऊन माझ्या घरी आला. उभ्यानंच बोलला. "पोलिसात देईन तुला. माझा पुतळा काढला."

"तुमचा? नाव कुठं लिवलं होतं साहेब? मले तं लिवता पण धड येत नाही. तुमी कसं वळखलं?"

त्याचा आवाज उतरला. "मेन बिल्डिंग परत घे. मी डायरेक्टरांशी बोलतो."

दाराआडून बायको मला खुणावत होती, घ्या म्हणून. मी तिकडं पाहिलं नाही.

"गेटवर या," मी म्हटलं. "सोमवारी, लोक येतात तेव्हा. मग पाहू."

"आणि नाही आलो तर?"

"पोळा दरवर्षी येते साहेब."

सोमवारी तो आला. बायाही आल्या, चांगली लुगडी नेसून. मी पहाटेच मोटार स्टँडकडच्या वस्तीत गेलो होतो आणि त्या मुलाच्या बापाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं होतं. तो वाटभर विचारत होता, कुठं नेऊन राहिला गा मले? मी म्हणत होतो, बसून राहा. त्याला गेटसमोर, अगदी पुढं उभं केलं.

बाबू लोक सायकलवरून उतरले. साहेब रुमाल तोंडाला लावून काहीतरी पुटपुटला.

मुकादमीण म्हणाली, "आयकू नाही आलं साहेब. चोर म्हटलं तवा कसं खणखणीत बोलले होते तुमी. तसंच बोला."

तो लाल झाला. रुमाल खिशात घातला. आणि बोलला, मोठ्यानं, "या बायकांनी चोरी केली नव्हती. वाटी कपाटात सापडली. चूक माझी होती."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक आत गेले. साहेबही गेला, मान खाली. लोक मला विचारतात, तेव्हा तरी राग गेला असेल? नाही गेला. मला वाटलं होतं तो रडेल. रडला नाही.

मुलाचा बाप पुढं आला. टोपी काढून हातात धरली. मुकादमिणीला म्हणाला, "बाई, आमाले कोणी तरी उलटसुलट सांगतलं होतं. आता आयकलं ना सगळ्यायनं. तं मंग, पोरीचं पक्कं समजाचं ना?"

मला वाटलं ती आता हो म्हणेल, याचसाठी तर एवढं केलं. तिनं पदर कमरेला खोचला.

"साहेब परका होता," ती म्हणाली. "तुमी तं माया घरी जेवून गेले होते. तुमी एकदा येऊन इचारलं पण नाही. माही पोरगी चोराची नाही, हे गावानं आयकलं. आता थे कुठंबी जाईन. तुमच्या घरी नाही."

तो माझ्याकडे वळला, मी काही बोलेन म्हणून. मी सायकलला टांग मारली.

"अन् मी कसा जाऊ गा?" तो मागून ओरडला.

मी मान वळवली नाही. तिथून मोटार स्टँड बरंच लांब आहे, आणि ऊन चढायला लागलं होतं.