सांगलीची पिशवी, साताऱ्याची मागणी

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी साताऱ्याच्या एका रुग्णालयासाठी संगणकाचं काम घेतलं होतं. तोवर कारखान्यांच्या हजेरीपत्रकांचे प्रोग्रॅम लिहीत होतो. जावा ही नवी संगणकभाषा शिकलो ते चाळिशीत. काम सांगायला सोपं होतं. साताऱ्यात रक्तगट टाकायचा, मागणी टेलिफोनच्या तारेतून सांगलीच्या रक्तपेढीच्या सर्व्हरकडे जायची, तिथला माझा जावाचा प्रोग्रॅम पेढीच्या फॉक्सप्रो या जुन्या प्रणालीतल्या साठ्यात रक्ताची पिशवी शोधून आमच्यासाठी राखून ठेवायचा. आधी हे फोनवर चाले. महिन्याभरापूर्वी एकच पिशवी दोन ठिकाणी कबूल झाली आणि रुग्णालयाची जीप रिकामी परतली होती.

चाचणीच्या दिवशी रुग्णालयाच्या डॉक्टरबाई माझ्या मागे खुर्ची टाकून बसल्या. पावणेचारला त्यांना शस्त्रक्रियेला जायचं होतं. तोवर एक मागणी धड गेली तर सोमवारपासून ही सेवा वापरायची, नाही तर पुन्हा फोन आणि वही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी घरी दोन्ही बाजूंचे प्रोग्रॅम एकाच संगणकावर चालवून दोनशे बारा मागण्या तपासल्या होत्या. एकही चुकली नव्हती.

तीन वाजता पहिली मागणी पाठवली. मोडेम किरकिरला, जोडणी झाली आणि सांगलीहून नकार आला: मागणी जुनी आहे. दुसरी पाठवली, तोच नकार. तिसरी, तोच.

तो नियम माझाच होता. प्रत्येक मागणीवर ती निघाल्याची वेळ लिहिलेली असे आणि दहा मिनिटांपेक्षा जुनी मागणी सांगलीने घ्यायची नाही. लाइन वरचेवर तुटायची. अडकलेली मागणी तासाने पोचली, तर तोवर रक्त दुसरीकडून मिळालेलं असायचं आणि पिशवी उगाच अडकून पडायची. पण माझी मागणी वीस सेकंदांत पोचत होती. जावा आणि फॉक्सप्रो यांच्यामधल्या दुव्यात खोट असेल म्हणून मी तो कोड ओळीओळीने पाहिला. तो बरोबर होता.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "दहाचे तीस करा की. एका आकड्याचं तर काम."

मागणी गेली असती. मी नाही म्हणालो. तीस मिनिटांची शिळी मागणी चालणार असेल तर त्यापेक्षा वही बरी.

टेलिफोनची लाइन एकच. मोडेम बंद करून मी सांगलीला फोन लावला. तिकडचे तंत्रज्ञ आटपाडीकडचे, रोज एसटीने येणारे. त्यांना संगणकावरची वेळ वाचायला सांगितली.

"तीन त्रेचाळीस."

माझ्या मनगटावर तीन अठ्ठावीस झाले होते. म्हणजे इथून निघालेली मागणी तिथे पोचताच पंधरा मिनिटं जुनी ठरत होती.

"तुमचं घड्याळ पुढं आहे."

"आवं सायेब, मुद्दाम हाय. भिंतीवरचं पंधरा मिन्टं म्होरं लावलंय, त्याच्याशी ह्येबी जुळवून घेतलं. न्हाईतर आटपाडीची यस्टी चुकती."

आमच्या घरातलं घड्याळही मुलांच्या शाळेसाठी दहा मिनिटं पुढे होतं. कामाच्या दिवशी मनगटावरची आणि संगणकावरची वेळ खरी ठेवणाऱ्या मला तिकडची वेळ विचारायचं मात्र सुचलं नव्हतं; चाचणीत दोन्ही प्रोग्रॅमांना घड्याळ एकच होतं.

ते लगेच संगणकाची वेळ मागे घ्यायला निघाले. मी थांबवलं. त्यांनी शेवटची पिशवी त्या पुढच्या घड्याळाने तीन चाळीसला नोंदवली होती. आता घड्याळ साडेतीनवर आणून नोंद केली, तर नंतरची नोंद आधीची दिसली असती. घड्याळ खरं करायचं आणि तीन एक्केचाळीसपर्यंत संगणकाला हात लावायचा नाही, मधे कुणी आलं तर कागदावर लिहून ठेवायचं, असं ठरलं. फोन ठेवला.

डॉक्टरबाईंना कारण सांगितलं. त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली. अकरा मिनिटं मी मनगटावरचं घड्याळ बघत बसलो. दोनदा टेलिफोन वाजला, दोनदा मी फोन करणाऱ्याला नंतर करा म्हटलं.

तीन बेचाळीसला जोडणी मागितली. एंगेज. पुन्हा लावली. मोडेम किरकिरला. डॉक्टरबाई उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर पिशवीचा क्रमांक उमटला आणि त्यापुढे, राखीव.

त्यांनी क्रमांक स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवला, वही मिटली. "सोमवारपासून," म्हणाल्या. "पण वही कपाटात राहू द्या." आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला. मला वाटलं, घड्याळ पुन्हा हललं.

"घड्याळ बराबर हाय," तंत्रज्ञ म्हणाले. "पर काल यस्टी चुकली. संगणकात बघितलं आन् सवयीनं पंधरा मिन्टं वजा केली. म्हटलं, अजून येळ हाय."