कुलूपमामाचं झाड

कुलूपमामा झोपण्याआधी कॉम्प्युटरला साखळी घालून कुलूप ठोकतो आणि किल्ली उशीखाली ठेवतो, असं अख्खी गल्ली शपथेवर सांगते. साफ खोटं. ती साखळी मामीच्या सायकलची. जिन्यात जागा नाही म्हणून सायकल आत आणून कॉम्प्युटरच्या टेबलाला बांधतात, इतकंच. मामाची खरी कुलपं डोळ्यांना दिसत नाहीत. ती चित्रांना असतात.

मामा वेबपेजवर टाकायची चित्रं काढतो. तीही व्हेक्टर, म्हणजे नुसत्या रेषांची. फोटो मोठा करत गेलं की फाटतो, चौकोन चौकोन दिसायला लागतात. रेषांचं चित्र मात्र शर्टाच्या बटणाएवढं छापा नाहीतर तंबूएवढं, धार तीच.

बोलतो हळू, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली. "उद्या समजा गॅस चालू राहिला..." "उद्या समजा बेल वाजली आणि आपण सगळेच आंघोळीत असलो..." भाची ही नक्कल अशी हुबेहूब करते की फोनवर मामीसुद्धा फसते.

एकदा तो 'उद्या' खरोखरच उगवला. मामाचं घुबड कुणीतरी वेबपेजवरून उचललं आणि पिशव्यांवर छापून बाजारात विकलं. मामाने धसका घेतला तो घेतलाच. पेजवर उजवी क्लिक बंद. प्रिंट द्यायला जावं तर घुबडाच्या पोटातून आडवं 'नमुना' उमटायचं. भाचीने चहा निवायच्या आत पेजचा कोड उघडला आणि सगळं घुबड पिसांसकट बाहेर काढून दाखवलं.

"मामा, चित्र दिसतंय म्हणजे ते माझ्या कॉम्प्युटरात येऊन बसलंय. पाहुणा सोफ्यावर टेकल्यावर कडी लावून काय उपयोग?"

मामा दोन घास कमी जेवला. मग त्याने एक युक्ती केली. त्या वेळी तो वाचनालयाच्या वेबपेजसाठी एक झाड काढत होता. वाचकांनी ते छापून पुस्तकात खुणेला ठेवायचं, त्यामुळे 'नमुना' टाकायची सोय नव्हती. मामाने एका पानाच्या शिरेत, केसाहून बारीक, ओळ घातली: 'चोरा, तुझ्या बापाचं आहे का?' स्क्रीनवर ती शीरच वाटायची. उद्या समजा कुणी चोरलंच, तर चित्र मोठं करून पुरावा दाखवायचा. त्या रात्री मामा म्हणे घोरला.

वाचनालयाचं काम हे घरातलं एकमेव बांधलेलं काम. मामीच्या कारखान्याला टाळं लागलेलं. करार पुढे चालू ठेवायचा म्हणून मुख्य ग्रंथपालबाईंनी मामाला बोलावलं होतं, आणि आदल्या दुपारी बॅनर छापणाऱ्याचा फोन आला.

"मामा, अभिनंदन! तुमचं झाड बाईंच्या केबिनमध्ये चढवलं. अख्खी भिंत!"

"फ... फाइल कुणी दिली?"

"फाइल कशाला? वाचनालयाच्या पेजवरूनच उचललं. काय धार आहे हो! पानाची शीर न् शीर मोजून घ्या."

"शीर," मामा म्हणाला आणि खाली बसला. खाली खुर्ची होती हे नशीब.

मामीने ऐकून कपाळावर हात मारला. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि दोर आपण वळलेला."

"उद्या समजा त्यांनी वाचलं..."

"उद्या समजा काय? उद्याच जायचंय!"

भाचीला अशा वेळी गप्प बसवत नाही. "मामा, तू तोंड उघडणार नाहीस. पैज! आपणहून सांगितलंस, तर माझ्या पुढच्या वाढदिवसापर्यंत तुझा आवाज काढणार नाही."

मामाला हसूसुद्धा आलं नाही. पण पैजेचा निकाल बघायला भाची सोबत गेली.

केबिनमध्ये ओल्या गोंदाचा वास होता. झाड जमिनीपासून छतापर्यंत. मामाची नजर फांदी फांदी चढत गेली आणि थिजली. पान नेमकं बाईंच्या उजव्या कानाशी आलं होतं. अक्षरं नखाएवढी, लख्ख. समोर बसणाऱ्याला आधी बाई दिसणार, मग 'चोरा'. बाईंची पाठ भिंतीला, त्यांना पत्ताच नाही.

"बसा. झाड छान झालंय हं," त्यांनी करार पुढे सरकवला. "उद्या अध्यक्ष येणार आहेत बघायला. इथे सही करा."

मामाने पेन उचललं. सही करावी आणि पळावं. करार हातात. पुढचं अध्यक्ष आणि भिंत बघून घेतील. पेन कागदाला टेकलं, शाईचा एक ठिपका पडला. भाची मनात जिंकून मोकळी झाली.

मामाने पेनाला टोपण लावलं.

"मॅडम, सही नंतर. आधी मागे बघा. तुमच्या कानाजवळचं पान."

बाई वळल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"हे मला?"

"चोराला. म्हणजे पेजवरून उचलेल त्याला. झाड तुमचंच आहे, मॅडम. मी नवं पान छापून वर चिकटवतो. काम काढून घेतलंत तरी चिकटवतो."

"उचललं आमच्याच बॅनरवाल्याने. तुम्हाला विचारलं असतं तर?"

"तर ओळ काढून दिली असती."

बाईंनी करार उचलला आणि खणात टाकला. खण खटकन बंद झाला.

"आधी पान," त्या म्हणाल्या. "मग सही."

पान संध्याकाळच्या आत चिकटलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झाडाजवळ गेले, कौतुक करून बाहेर पडले, तोवर मामा जिन्यात उभा राहून नखं खात होता. मग खण उघडला.

तेव्हापासून कुलूप लागलंय ते त्या भाचीच्या, म्हणजे माझ्या, तोंडाला. 'उद्या समजा' जिभेच्या टोकावर येतं आणि गिळावं लागतं. पैज आवाजाची होती, ती मी हरले. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.