पेंढ्यात भरलेला अ‍ॅम्प्लिफायर

चुका माझ्या हातून भरपूर झाल्यात. पण अख्ख्या वाडीला भर मे महिन्यात पंखे बंद करून घामाघूम बसवायचा पराक्रम मी एकदाच केलाय. कसा, ते ऐकाच. चहा तेवढा आधी ओता.

आमच्या वाडीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी मे महिन्यात असते. मुंबईकर आलेले असतात, दुपारी भजन होतं, आणि बुवा म्हणजे आमचे दत्तूकाका. माझे सख्खे चुलते. गेल्या वर्षी काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण अगदी बारीक.

"सुध्या, यंदा दुसरा बुवा बघा," काका म्हणाले. "मागच्या लोकांना माझे नुसते ओठ हलताना दिसायचे."

मला कसंतरीच झालं हो! चाळीस वर्षं गायलेला माणूस. मी बोलून गेलो, "काका, तुम्ही फक्त गा. आवाज पोचवायचं माझ्याकडे लागलं. मी घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवतो." माइक आणि स्पीकर मंडळाचे होतेच, अ‍ॅम्प्लिफायर तेवढा भाड्यानं यायचा. त्या भाडेवाल्याला मी उत्साहात नको म्हणून सांगूनही टाकलं.

मी पावसचा आंबेवाला. कलमं बघायची, पेट्या भरायच्या, हा माझा धंदा. पण रेडिओ उघडून बसायची खोड लहानपणापासूनची. तयार बोर्ड मिळतो, त्याला वीज पुरवायची आणि तो थंड ठेवायचा, एवढंच तर काम. रत्नागिरीत दुकानात गेलो.

"ट्रान्सफॉर्मर चोवीस-झिरो-चोवीस द्या."

दुकानदार म्हणाला, "देतो. पण डीसी झाल्यावर ते चौतीसच्या आसपास जातं, ठाऊक आहे ना? पस्तीस व्होल्टचे कपॅसिटर घेऊ नका, फुटतील. पन्नासचे घ्या."

"त्रेसष्टचे द्या," मी म्हटलं. कमी पडायला नको! ट्रान्सफॉर्मरही असा जाडजूड घेतला की पिशवीचा बंदच तुटला.

मग हिटसिंक. म्हणजे काय, तर आतल्या आयसीची उष्णता हवेत सोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पाती. दुकानातलं मला खेळण्यातलं वाटलं. हातखंब्याला भंगारात एका जुन्या मशीनचं मिळालं. पाटाएवढं! मध्ये वीज अडवणारा मायका घातला, पांढरी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि जेवणाच्या टेबलावर तासभर वाजवून बघितला. हिटसिंक जेमतेम कोमट. बायकोला म्हटलं, "मंदा, हात लावून बघ."

"बरंय," ती म्हणाली, "आता टेबल रिकामं करा."

आता पूजेच्या घरापर्यंत न्यायचा कसा? रस्ता आमचा असला, की गाडीत माणूससुद्धा धरून बसवावा लागतो. मी आंब्याची लाकडी पेटी घेतली. अ‍ॅम्प्लिफायर आत ठेवला. चहूबाजूंनी पेंढा भरला, छान दाबून. वर फळ्या ठोकल्या. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. पोचल्यावर बघितलं, तर आत काही म्हणजे काही हललेलं नाही. म्हटलं, मग उघडायचं कशाला? वायरी फटीतून बाहेर आहेतच. राहू दे असंच!

तुम्ही हसताय. मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

भजन सुरू झालं. काकांचा आवाज पार विहिरीपर्यंत पोचला! काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला भरून आलं. आणि दहाव्या मिनिटाला सगळं गप्प.

"होल्टेज पडलं!" मी ठामपणे ओरडलो. "पंखे बंद करा!"

पंखे बंद झाले. पाचेक मिनिटांनी आवाज आला. बघितलंत? म्हटलं, निदान अचूक! आतला बोर्ड तापला की स्वतःहून बंद होतो आणि निवला की चालू होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं हो. पण पाटाएवढ्या हिटसिंकवर माझा विश्वासच तेवढा.

पुन्हा गप्प. "फ्रिज बंद करा!" फ्रिजमध्ये सगळ्या वाडीचा आमरस. तरी केला बंद. पुन्हा आवाज आला. पुन्हा गेला. मग शेजारच्या दोन घरांतले पंखे, पाण्याचा पंप, मुंबईहून आलेल्या वहिनींचा मोबाईलचा चार्जरसुद्धा मी काढायला लावला. लोक पूजेच्या पत्रिकांनी वारा घेतायत, आणि काका प्रत्येक वेळी तोच अभंग पहिल्यापासून धरतायत.

शेवटी पेटीतून फट्‌ झालं आणि फटीतून धुराची रेघ आली. मंदानं धावत जाऊन पिन ओढलीन, फटीतून दोन बोटं आत घातलीन आणि चटका बसून बाहेर काढलीन.

"अहो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही ह्याची आढी घातलीत?"

आढी म्हणजे आम्ही आंबे पिकायला पेंढ्यात रचतो ती. ऊब धरून ठेवावी म्हणून! वाडी जी हसली, ती काही थांबेना. मी मात्र काकांकडे बघत होतो. या माणसाला मीच गायला बसवलं होतं.

काकांनी माइक बाजूला ठेवला, टाळ उचलले आणि तसंच सुरू केलं. मागचे लोक ऐकू येईना म्हणून पुढे सरकले. मग आणखी पुढे. कोणीतरी पंखा लावला, तर चारजण एकदम म्हणाले, "बंद कर रे, बुवा ऐकू येत नाहीत!" घामानं निथळत सगळे काकांच्या मांडीला मांडी लावून शेवटपर्यंत बसले.

भजन संपल्यावर मी जाऊन पायच धरले. "काका, चुकलो. पुढच्या वर्षी भाड्याचाच आणतो."

काका दचकले. "भाड्याचा नको रे बाबा," म्हणाले, "तो चालतो!"