पाचरी लावलेला ऑर्गन

परदेशीपुऱ्यातले आमचे शेजारी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नाटकवाल्यांचा जुना ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यावर स्वतःच्या रचना बसवू लागले. पट्ट्यांत लाकडी पाचरी अडकवून सूर दाबून ठेवायचे आणि नुसता भात्यावर पाय मारत राहायचे. “काका, गाना कब शुरू होगा?” विचारलं, की म्हणत, “चालूच आहे भिया, सुनो तो सही.”

गणपतीत त्यांनी मांडवात वाजवलं. एकेक पाचर बसत गेली, सूर दाटत गेला. आम्ही तोंड दाबून हसलो. तेवढ्यात मागे बसलेले गिरणीतले तीन म्हातारे विणकर उठून चपला शोधू लागले. त्या सुरात त्यांना गिरणीच्या पाळीचा भोंगा ऐकू आला होता.

काकांनी ते पाहिलं. मग एकेक पाचर काढत सूर इतका सावकाश उतरवला, की ते तिघं परत कधी बसले, त्यांनाही कळलं नाही.