बडवलेली जवादी मांजरं

आमच्या शाफीदाजींनी खरवडलेली जवादी दूरदेशीच्या बायका अत्तरात घालून मिरवतात म्हणे. इथे आमच्या लिम्मू गावच्या मशिदीत मात्र दाजींच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. ताजी जवादी एकदा नाकात गेली की माणसाला जेवण नको वाटतं.

जवादी मांजर म्हणजे कुत्र्याएवढं, ठिपक्याठिपक्यांचं, महाखुनशी जनावर. त्याच्या शेपटीखालच्या पिशवीत लोण्यासारखा ऐवज साठतो. तो चमच्यानं खरवडायचा आणि बैलाच्या शिंगात भरून व्यापाऱ्याला द्यायचा. पाळायचे ते फक्त नर. दाजींकडे चार होते, अंग वळवायलाही जागा नाही अशा वेताच्या पिंजऱ्यांत. पाचवे दाजी, असं मी चेष्टेनं म्हणायचो.

चेष्टा कसली, खरंच होतं ते. आमच्याकडची रीत अशी, की मांजरांच्या खोपटात बाईनं पाऊल टाकायचं नाही, परक्यानं तोंड उघडायचं नाही, शेकोटी विझू द्यायची नाही. मालकाखेरीज दुसऱ्यानं खाऊ घातलं की जनावर बिथरतं आणि जवादी पातळ होते. बापानं हाती चमचा दिल्यापासून दाजी एक रात्र गावाबाहेर झोपले नाहीत. माझी बहीण वारली, एकुलती लेक लोमी गिबे नदीपलीकडे दिली, तिच्या वरातीबरोबरही हा बाप गेला नाही. पोचवायला मी गेलो. पोर वाटभर मागे वळून बघत होती.

पुढे लोमीला मुलगा झाला आणि ती हट्टाला पेटली: अब्बा येऊन नाव ठेवतील, तोवर पोर बिननावाचंच राहील.

"जाणार मी," दाजी म्हणाले. "नेझिफ, तू चार दिवस मांजरं सांभाळ."

मी मटण घेऊन आत गेलो, तर एकानं पंजा मारून माझं मनगट फाडलं आणि बाकीच्यांनी मटणाला तोंड लावलं नाही.

तेव्हा दाजींच्या डोक्यात ते खूळ शिरलं. "बैल बडवला की कसा गरीब होतो! पोरं पाठीवर चढतात. शिवाय अंगानं भरतो. मांजरं भरली तर जवादीसुद्धा जास्तच सुटेल. लोणी काय उगाच चारतो मी त्यांना?"

"आधी एकावर करून बघा की, दाजी."

"एक गप्प आणि तीन गुरगुरणारे, मग तू आत जाणार कसा, डोंबल?"

बैल बडवणाऱ्याला बोलावलं. चारही मांजरांना पोत्यात घालून त्यानं काम उरकलं. जखमा भरल्या आणि खरोखर मांजरं गोगलगाय झाली. माझ्या हातून खाऊ लागली, अंगावर चरबी चढली. दाजींनी नवी शाल काढून ठेवली. निघायच्या आधी चमचा फिरवला, तर तो कोरडा बाहेर आला. जाणं लांबवून पुन्हा फिरवला, तरीही कोरडा.

तालुक्याचा गुरांचा डॉक्टर आला आणि कपाळाला हात लावून बसला. "आजोबा, नराच्या अंडातून रक्तात संप्रेरक उतरतं. त्याच्या हुकमावर ती पिशवी चालते. हुकूम देणारंच तुम्ही कापून टाकलंत!"

"बैलाचं तर काही आटत नाही," दाजी म्हणाले.

"बैलाच्या शेपटीखाली जवादी असते का?"

मांजरं सोडून द्यावीत, तर पिंजऱ्यात हाडं आखडलेली ती जनावरं शिकार काय करणार? मारावीत, तर घरची जवादी मांजरं मारणाऱ्याचं घर बसतं, असं म्हातारे सांगतात. म्हणजे आता नुसतं खाऊ घालत राहायचं. मी म्हटलं, धंदा बुडाला तर बुडाला, माणूस तरी सुटला. रोज सांगायचो, "आता तरी निघा." दाजी रोज म्हणायचे, "उद्या."

शेवटी लोमीच आली. पोर पाठीशी बांधलेलं, ती सरळ खोपटात शिरली. दाजी सवयीनं आडवे आले. "अगं, बाईमाणसानं आत नाही यायचं!"

"आता काय बिघडायचं राहिलंय, अब्बा?"

तिनं जन्मात पहिल्यांदा ती जागा पाहिली. धुरानं काळं झालेलं छप्पर, शेकोटीजवळ पाय पोटाशी घेऊनच निजता येईल एवढं बाजलं. "इथं झोपत होता तुम्ही?" असं म्हणून ती रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला माझ्याकडे. मांजरं मामा बघेल."

"बघीन की!" मी ओरडलोच. "आता ना जवादी, ना रीत. कुणीही बघेल!"

दाजींनी शेकोटीत लाकूड सारलं. "तिकडे येऊन मी करू काय गं?"

लोमीनं पोर त्यांच्यापुढे धरलं. "बरं, नका येऊ. नाव तरी ठेवा."

दाजींनी हात मागे घेतले. हातांना वास होता. मग म्हणाले, "मला फक्त मांजरांची नावं ठेवता येतात, बाई. तुझंसुद्धा तुझ्या आईनं ठेवलं होतं. तूच ठेव काय ते."

पोर पाठीशी बांधून लोमी शेवटच्या गाडीनं परत गेली. मला दाजींचा इतका संताप आला, की घरी येऊन मी ढसाढसा रडलो.