राखीव तलवारी

माझी मोठी बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना तलवारीचं टोक टोचते. तलवारबाजीच्या क्लबात तिला सगळे डावखुरी म्हणतात. मी तिला ताई म्हणतो आणि तिची बॅग उचलतो. त्या तलवारींच्या मुठींना बोटांसाठी खाचा असतात, आणि ताईच्या मुठी डाव्या हाताच्या. माझ्या उजव्या हातात त्या कधी धड बसल्या नाहीत. करंगळी आखडून धराव्या लागतात.

ताईच्या नाकावर राग असतो. "फ्रेम आपोआप वाकली," असं गिऱ्हाईक म्हणालं, की ती फ्रेम उलटीपालटी करून म्हणते, "हिच्यावर बसल्याशिवाय ही अशी वाकत नाही." तिने लग्न केलं नाही. का, ते विचारायची घरात कोणाची छाती झाली नाही. मी स्वतः कवळ्या बनवतो, त्यामुळे लोक दातओठ खातात तेव्हा मी धंद्याच्या नजरेने बघतो. ताईचे दात उत्तम आहेत. खाऊन खाऊन मजबूत झाले असावेत.

आमच्या हिला, म्हणजे माझ्या बायकोला, तलवार ताईनेच शिकवली. एरवी नणंदा-भावजया जे जिभेने करतात ते या दोघी तोंडावर जाळी चढवून करतात, त्यामुळे घरात शांतता असते. ही महिला संघात राखीव होती. तिघी खेळतात, चौथी बाकावर बसते. हिने बाक गुळगुळीत केला होता.

आता तलवारीचं थोडं सांगतो. टोकाला एक बटण असतं आणि त्याखाली बारीकशी स्प्रिंग. टोक समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की तलवारीला जोडलेल्या तारेतून दिवा लागतो. इतकं बारीक काम ताईलाच जमायचं, म्हणून संघाच्या सगळ्या तलवारी ती दुकानातल्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करायची. कोणाची स्प्रिंग गेली आणि नवी हाताशी नसली, की ती सरळ हिच्या तलवारीतली काढायची. एकदा मी समोरच बसलो होतो.

"ही तिची ना?" मी विचारलं.

"ती कुठे उतरणार आहे? बसवते नंतर. तिला काही बोलू नकोस."

मी मूग गिळले. लग्न झालेल्या भावाला ते लवकर जमतं.

त्या वर्षी आमचा क्लब प्रथमच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. शेवटची लढत ताईची होती. दोन गुणांनी आम्ही पुढे होतो. ताईने पुढे झेप घेतली आणि तिचा पाय लढतीच्या लांबट पट्टीच्या कडेवर पडला. काहीतरी तुटल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी घोटा दाबून पाहिला. ताई म्हणाली, "घट्ट बांधा. मी उभी राहते."

"आज राहाल हो उभ्या. पुढे वर्षभर काठी धरावी लागेल."

"धरीन."

जखमी खेळाडूला काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात तिने तरी उभं राहायचं, नाहीतर राखीव खेळाडूला उतरवायचं; आणि राखीव उतरली की पहिलीला परत येता येत नाही. प्रशिक्षकांनी हिला खूण केली. हिने जाळी चढवली, तार जोडली आणि तलवार पुढे धरली. अशा वेळी पंच टोकावर एक छोटं वजन ठेवतात. ते स्प्रिंगने उचलून धरावं लागतं. वजन खालीच बसलं. दुसऱ्या तलवारीचंही तेच. सरावासाठी हिने क्लबातली बिनतारेची जुनी तलवार वापरली होती, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"चालणारी तलवार नसेल तर यांना उतरता येणार नाही," पंच म्हणाले.

ही बाकाकडे आली. "ताई, माझी टोकं मेली आहेत. तुमची देता?"

"डावी मूठ आहे. धरशील कशी?"

ते खरंच होतं; मूठ बदलता येते, पण तेवढा वेळ नव्हता. एवढं बोलून ताई गप्प बसली. हिची तलवार चालली नाही तर उतरायला ताईच उरत होती, आणि एका पायावर का होईना, ती उतरली असती. टोकांना काय झालंय हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. एक बहीण, एक बायको. तोंड उघडून माणूस जातो कुठे? पण नजरही मी वळवली नाही. माझ्या शौर्याची मजल तेवढीच.

"माझ्या दोन्ही दे इकडे," ताई मला म्हणाली. "आणि हत्यारांची डबी."

पाय बर्फात ठेवून तिने स्वतःच्या तलवारींची टोकं उघडली, स्प्रिंगा काढल्या आणि हिच्या तलवारींत बसवल्या. हात हलला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोटांत स्क्रू होता म्हणून तिने ते पुसलं नाही. मला फार वाईट वाटलं. ही शेजारी उभी राहून सगळं बघत होती. आपल्या तलवारी रिकाम्या कशा झाल्या, हे तिला तेव्हाच कळलं असणार. ती काही मूर्ख नाही.

"झालं?" हिने विचारलं.

"झालं. घाई करू नकोस. तिला येऊ दे अंगावर."

ही एका गुणाने जिंकली.

घरी जाताना ही मागच्या सीटवर झोपून गेली. ताई पुढे, पाय लांब करून बसली होती. हळूच म्हणाली, "ती हरावी असं मला वाटत होतं. अगदी शेवटपर्यंत."

"मग?"

"मग काय. हात चांगला आहे तिचा."

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले की चालायला हरकत नाही, पण तलवार आता विसरा. ताई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. हिने दोन्ही स्प्रिंगा काढून काड्यापेटीत घातल्या आणि माझ्याकडे दिल्या. "ताईंना देऊन या. त्यांच्या आहेत."

मी दुकानात गेलो. ताई काच घासत होती. तिने काड्यापेटी उघडून पाहिली आणि परत माझ्याकडे सरकवली. मग टेबलाखालून स्वतःच्या दोन तलवारी काढल्या.

"या पण ने. तिच्या राखीव म्हणून राहू देत."

"तिला काय उपयोग यांचा?"

"ने म्हटलं ना."

मी सवयीने करंगळी आखडून एक मूठ धरली. पण काही अडलं नाही. मूठ उजव्या हाताची होती.